दोन देशांचे बॅडमिंटन संघ तोलायचे कसे? क्रमवारीची बेरीज कुठे फसते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांनी एक्सेलमध्ये तक्ता केला आहे. प्रत्येक देशाचे एकेरीतले पहिले तीन खेळाडू आणि दुहेरीतल्या पहिल्या दोन जोड्या घ्यायच्या, त्यांचे जागतिक क्रमांक मिळवायचे, आणि ज्याची बेरीज कमी तो संघ वरचढ. या हिशोबाने २०२२च्या थॉमस चषकात, म्हणजे पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेत, भारत जिंकायला नको होता, तरी जिंकला. २०२५च्या सुदिरमन चषकात, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या एकत्रित संघांच्या स्पर्धेत, निदान चुरस तरी व्हायला हवी होती, तर डेन्मार्क आणि इंडोनेशिया या दोघांकडून आपण १-४ हरलो आणि गटातच बाद झालो. मग आकडे खोटे की खेळाडू? सोबत एक उपप्रश्नही आहे: सात्त्विक आणि चिराग ही आपली पुरुष दुहेरीची पहिली जोडी फोडून दोघांच्या दोन जोड्या केल्या, तर दोन्ही दुहेरी सामने आपल्याला मिळणार नाहीत का?

मी बरीच वर्षं दुहेरी शिकवतो आहे. जिल्ह्याचे, राज्याचे संघ निवडायला बसलो आहे, संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून गेलो आहे. आपला तो स्तर आणि थॉमस चषकाचा स्तर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण लढतीच्या आदल्या रात्री कागदावर पाच ओळी आखून कोणाला कुठे उभं करायचं हे ठरवण्याचं काम दोन्हीकडे सारखंच असतं. त्या कामातून जे कळलं ते सांगतो.

आकडे खोटे नाहीत. पण सांघिक लढतीत पाच सामने असतात आणि त्यातले तीन जिंकायचे असतात. पाचवा-सहावा माणूस किती चांगला यापेक्षा तीन सामने कुठून येणार हे बघावं लागतं. बेरीज मात्र सगळंच मोजते, जे सामने खेळलेच जाणार नाहीत तेसुद्धा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जपानचं. २०१८ला नानजिंगमध्ये आणि २०१९ला बासेलमध्ये, दोन्ही वर्षी जागतिक अजिंक्यपदाची महिला दुहेरीची अंतिम फेरी त्याच दोन जपानी जोड्यांत झाली: मात्सुमोतो-नागाहारा विरुद्ध फुकुशिमा-हिरोता. आणि रिओ ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेली मात्सुतोमो-ताकाहाशी ही जोडी तेव्हा अजून खेळत होती. एका प्रकारात एवढी श्रीमंती कुठल्याच देशाकडे नव्हती. पुरुष एकेरीत मोमोता, महिला एकेरीत यामागुची. तुमच्या तक्त्यात जपान पहिला आला असता. त्याच २०१९ साली नाननिंगला सुदिरमन चषकाच्या अंतिम लढतीत चीनने जपानला ३-० हरवलं. पुरुष दुहेरी, महिला एकेरी, पुरुष एकेरी अशा क्रमाने तीन सामने झाले आणि लढत संपली. जपानची महिला दुहेरी कोर्टवर आलीच नाही. जगातल्या सर्वोत्तम जोड्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होत्या.

इथून पहिला मुद्दा निघतो, आणि तुमच्या कोड्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. थॉमस आणि महिलांच्या उबर चषकात तीन एकेरी, दोन दुहेरी. सुदिरमनमध्ये पाचही प्रकारांचा एकेक सामना. म्हणजे भारतीय पुरुष एकेरीची जी खोली आहे, एकामागे एक तयार खेळाडू आहेत, ती थॉमसमध्ये तीनदा मोजली जाते आणि सुदिरमनमध्ये एकदाच. सुदिरमनला श्रीकांत, प्रणॉय, लक्ष्य हे तिघेही नेलेत तरी दोघं प्रेक्षक. उलट मिश्र दुहेरी, जिला आपल्याकडे वर्षानुवर्षं कोणी फारसं विचारत नव्हतं, तिथे एक पूर्ण गुण असतो. एकच देश, तेच खेळाडू, पण स्पर्धा बदलली की संघाची किंमत बदलते. म्हणून 'भारत बलवान की मलेशिया' असं नुसतं कोणी विचारलं तर मी आधी विचारतो, कुठल्या चषकात?

२०२५च्या सुदिरमनबद्दल आणखी एक गोष्ट तुमच्या तक्त्यात येऊच शकत नव्हती. सात्त्विक-चिराग स्पर्धेआधी बाहेर पडले आणि गायत्री-ट्रीसा ही महिलांची पहिली जोडीही नव्हती. पाचपैकी दोन सामन्यांत आपली पहिली फळी गेली. क्रमवारी मात्र तशीच छापलेली असते. तापात पडलेल्या खेळाडूचा क्रमांक त्या आठवड्यात खाली येत नाही.

खोली म्हणजे काय, हे मी नेहमी असं मोजतो: पहिला माणूस काढा आणि बघा, जागेवर आलेला दुसरा किती खाली आहे. पाच चांगले खेळाडू असणं ही खोली नव्हे, पहिल्या आणि त्याच्या बदलीतला फरक कमी असणं ही खोली. चीनचं पाहा. पॅरिस ऑलिंपिकला मिश्र दुहेरीचं सुवर्ण झेंग सीवेई आणि हुआंग याचिओंग यांचं. झेंग त्यानंतर निवृत्त झाला. दुसऱ्या कुठल्याही देशात त्या प्रकारात दोन-तीन वर्षांचा खड्डा पडला असता. चीनने २०२५च्या सुदिरमन अंतिम लढतीत फेंग यानझे आणि हुआंग डोंगपिंग यांना उतरवलं, तो सामना घेतला आणि कोरियाला ३-१ हरवलं. कोरियाकडून एकटी आन से-यंग जिंकली. ती त्या काळात जगातली सगळ्यात भरवशाची खेळाडू होती, पण तिच्या विजयाचं मोल एक सामना एवढंच. संघाच्या लढतीत कोणालाही दोन गुण मिळत नाहीत.

हेच मलेशियाने वर्षानुवर्षं सोसलं. ली चोंग वेई होता तेव्हा पहिली एकेरी जवळपास खिशात असायची. २०१४ची थॉमस चषक अंतिम लढत आपल्या दिल्लीतच झाली. चोंग वेईने जपानच्या तागोला हरवून सुरुवात करून दिली. लढत २-२ झाली आणि तिसऱ्या एकेरीवर येऊन ठेपली. तिथे ताकुमा उएदाने डॅरन लिऊला तीन गेममध्ये हरवलं आणि जपानने पहिल्यांदा थॉमस चषक नेला. दोन वर्षांनी कुनशानला डेन्मार्कने इंडोनेशियाला ३-२ हरवून चषक युरोपात नेला, तोवर आशियाबाहेरच्या कुणालाच ते जमलं नव्हतं. शेवटचा सामना जिंकला विटिंगहसने. डेन्मार्कमधल्या बॅडमिंटनवेड्यांपलीकडे किती जणांना ते नाव ठाऊक होतं? संघाचा तिसरा एकेरी खेळाडू होता, बस.

आणि २०२२ला बँकॉकमध्ये तीच जागा प्रणॉयची. क्रमवारीत तो तेव्हा २३वा. मलेशियाविरुद्ध २-२, शेवटचा सामना प्रणॉय. डेन्मार्कविरुद्ध २-२, शेवटचा सामना पुन्हा प्रणॉय, समोर रास्मुस गेम्के. पहिला गेम १३-२१ गेला, पाय घसरून पडल्याने घोटा दुखावला, तरी पुढचे दोन २१-९, २१-१२. लोकांना अंतिम लढतीतले लक्ष्य, श्रीकांत आठवतात आणि ते योग्यच आहे, पण अंतिम लढतीत प्रणॉयवर वेळच आली नाही आणि त्याआधीच्या दोन लढतींत त्याच्याशिवाय आपण घरी आलो असतो.

इथे नियमाची एक बाब लक्षात घ्या. एकेरीचा क्रम कर्णधार मनाने लावू शकत नाही. ठरलेल्या तारखेच्या जागतिक क्रमवारीप्रमाणे पहिला, दुसरा, तिसरा लागतो. म्हणजे आपला सर्वोत्तम खेळाडू तिसऱ्या जागी दडवून एक हमखास गुण घेण्याची जी चलाखी गल्लीतल्या स्पर्धांत चालते ती इथे चालत नाही. पण क्रमवारी आणि सध्याचा खेळ यांत तफावत असेल तर ती चलाखी आपोआप घडते. दुखापतीतून परतलेला, किंवा कमी स्पर्धा खेळलेला चांगला खेळाडू खालच्या क्रमांकावर असतो आणि समोरच्याच्या तिसऱ्या खेळाडूसमोर उभा राहतो. २०२२चा प्रणॉय मला काहीसा असाच वाटतो. २३वा क्रमांक हे त्याच्या मागच्या काही वर्षांचं प्रतिबिंब होतं. त्या आठवड्यात तो तसा खेळत नव्हता.

याचं टोकाचं उदाहरण महिलांचं. फेब्रुवारी २०२४ला मलेशियात शाह आलमला आशिया सांघिक स्पर्धेत भारतीय महिला पहिल्यांदाच विजेत्या झाल्या. अंतिम लढतीत थायलंडविरुद्ध २-२ असताना कोर्टवर आली १७ वर्षांची अनमोल खरब. तिचा क्रमांक ४७२, समोरची पोर्नपिचा चोइकीवाँग ४५ची. अनमोल २१-१४, २१-९ जिंकली. त्याआधी जपानविरुद्धच्या उपांत्य लढतीतही निर्णायक सामना तिनेच घेतला होता. तुमच्या बेरजेत ४७२ टाकून पाहा, भारत तळाला जाईल. अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: त्या स्पर्धेला जपान यामागुचीशिवाय आला होता आणि थायलंड रत्चनोकशिवाय. विजय मोठा, पण त्यावरून 'भारत महिलांमध्ये जपानच्या वर' असं लिहिणाऱ्यांच्या नादी लागू नका. कोण आलं होतं हे बघितल्याशिवाय कुठल्याही सांघिक निकालाचं वजन करता येत नाही.

आता क्रमांकाच्या आकड्याबद्दल थोडं. जागतिक क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांतले सर्वोत्तम दहा निकाल धरते. सुपर १००० स्पर्धेच्या विजेत्याला १२,००० गुण, सुपर ३००च्या विजेत्याला ७,०००. म्हणजे एक खेळाडू मोठ्या स्पर्धांत पहिल्या-दुसऱ्या फेरीत अडकतो आणि दुसरा लहान स्पर्धा हुडकून उपांत्य फेऱ्या गाठतो, तर दोघं शेजारी-शेजारी दिसू शकतात. शिवाय अंतरं सारखी नसतात. वरच्या पाच-सहा जागांमध्ये हजारो गुणांचं अंतर असतं आणि तिसाव्या-चाळिसाव्या जागेजवळ एका बऱ्या आठवड्याने पाच-सात पायऱ्या चढता येतात. तुम्ही १ आणि ६ यांतला फरक ५ धरता, ३५ आणि ४० यांतलाही ५ धरता. पहिला फरक डोंगराएवढा, दुसरा नावापुरता. आकडाच वापरायचा तर क्रमांकाऐवजी गुण घ्या, एवढ्यानेच तक्ता बराच सुधारेल. संघांचीही एक अधिकृत क्रमवारी निघते, पण गटवारी पाडायला ती उपयोगी. निकालाचा अंदाज बांधायला माझ्या मते नाही.

एकेरीत एवढं तरी चालून जातं. दुहेरीत क्रमवारीचा अर्थच वेगळा आहे, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

दुहेरीचे गुण जोडीच्या नावावर असतात. दोन अव्वल खेळाडू नव्याने एकत्र आले की जोडी म्हणून त्यांची पाटी कोरी. त्यामुळे एखाद्या देशाच्या दुहेरीची ताकद क्रमवारीत अर्धीच दिसते. २०२२च्याच अंतिम लढतीत इंडोनेशियाच्या मार्कस गिडिओनला दुखापत होती, म्हणून त्याचा जोडीदार केविन सुकामुल्जो अनुभवी मोहम्मद अहसानबरोबर उतरला. एरवी अहसान खेळायचा हेंड्रा सेतिआवानबरोबर. तात्पुरती जुळवलेली जोडी. आपल्याकडे त्यावर 'इंडोनेशियाची जोडी मोडकी होती म्हणून जमलं' असं म्हणणारे भेटतात. स्कोअर बघा: १८-२१, २३-२१, २१-१९. दुसऱ्या गेममध्ये सात्त्विक-चिरागने चार मॅच पॉइंट वाचवले. जुळवलेली जोडी, समोर जगात आठव्या क्रमांकाची पक्की जोडी, आणि एका रॅलीचा फरक. मला यातून इंडोनेशियाची दुर्बलता दिसत नाही. त्यांच्याकडे कोणीही कोणाबरोबर उभं राहिलं तरी जोडी बनते, हे दिसतं.

असं का होतं? त्यांची मुलं कुदुसच्या जारुमसारख्या क्लबांत लहानपणापासून दुहेरीच खेळतात आणि मग जकार्तात चिपायुंगच्या राष्ट्रीय केंद्रात एकाच छताखाली वर्षं काढतात. सर्व्हिस केल्यावर कोणी पुढे राहायचं, तिसरा फटका कोणाचा, मधला शटल कोणी सोडायचा, ही सगळी उत्तरं सगळ्यांची सारखी असतात. २०२५ला त्यांनी फजर अल्फियानला त्याच्या जुन्या जोडीदाराऐवजी शोहिबुल फिक्रीबरोबर उतरवलं आणि काही आठवड्यांतच ही जोडी चायना ओपन जिंकली, सुपर १००० दर्जाची स्पर्धा. जोडीचा क्रमांक तेव्हा बघून कोणी अंदाज बांधला असता?

कोरियाने तर हे शास्त्रच केलं आहे. सिओ स्युंग-जे २०२३ला कांग मिन-ह्युकबरोबर पुरुष दुहेरीचा जगज्जेता झाला, आणि त्याच स्पर्धेत चे यू-जंगबरोबर मिश्रचाही. २०२५ला जोडीदार बदलला, किम वॉन-हो आला. त्या वर्षी ऑल इंग्लंड, मग जागतिक क्रमवारीत पहिलं स्थान आणि पॅरिसला पुन्हा जगज्जेतेपद. सिओ डावखुरा आहे, हे मुद्दाम सांगतो. डावखुरा आणि उजवा अशी जोडी असली की एका बाजूने स्मॅश करताना दोघांचेही फोरहँड कामी येतात आणि प्रतिस्पर्ध्याला सर्व्हिस परत करताना नेहमीचे कोन सोडावे लागतात. पण डावखुरा असणं पुरेसं नाही. माझ्या हाताखाली चांगले डावखुरे येऊन गेले, त्यातल्या अनेकांना मधल्या शटलवर जोडीदाराच्या रॅकेटशी टक्कर टाळायला महिने लागले.

संघ निवडताना मी दुहेरीच्या प्रत्येक मुलासमोर चार गोष्टी लिहितो. पुढचा की मागचा? लहान सर्व्हिस दबावाखाली टिकते का? बचावात उभा राहून किती स्मॅश परतवतो? आणि चौथी, जी कोणी लिहीत नाही: १८-१८ला जोडीदाराकडे बघतो का, की प्रशिक्षकाकडे? मग कोण कोणाबरोबर चालेल याच्या रेघा ओढतो. ज्या संघाच्या कागदावर रेघांचं जाळं होतं तो दुहेरीत खोल. ज्याच्या कागदावर दोन सुट्या रेघा असतात त्याच्याकडे दोन जोड्या आहेत, खोली नाही. एकाचा पाय मुरगळला की दुसराही घरी. एकाच कमावत्यावर चालणाऱ्या घरासारखं ते, पगार कितीही मोठा असो.

आपल्या पुरुष दुहेरीचा कागद असाच दिसतो. थॉमस २०२२ला दुसरी जोडी कृष्णप्रसाद गारगा आणि विष्णुवर्धन गौड. २०२४ला चेंगडूत चीनविरुद्धच्या उपांत्यपूर्व लढतीत ध्रुव कपिला आणि साई प्रतीक. ती लढत आपण १-३ हरलो, एकट्या लक्ष्यने ली शिफेंगला हरवलं. २०२५च्या सुदिरमनला सात्त्विक-चिरागच्या जागी हरिहरन आणि रुबन कुमार. दर वेळी नवी नावं. या मुलांत दम नाही असं अजिबात नाही: अर्जुन आणि ध्रुव कपिला २०२२ला टोकियोत जागतिक अजिंक्यपदाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेले होते, वाटेत आठवं मानांकन असलेल्या डेन्मार्कच्या आस्ट्रुप-रासमुसेनला हरवून. ती जोडीही पुढे टिकली नाही. ध्रुव आता मुख्यतः मिश्र दुहेरी खेळतो, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या तनिषा क्रास्तोबरोबर, आणि सुदिरमनच्या दृष्टीने ते आपल्या फायद्याचंच आहे. पण पुरुष दुहेरीची दुसरी खुर्ची त्यामुळे पुन्हा रिकामी.

तुम्ही म्हणाल, कोरिया-इंडोनेशिया जोड्या बदलतात ते शहाणपण आणि आपण बदललं की चूक, हे कसं? फरक सरावाच्या पातळीत आहे. कोरियाचा सिओ नव्या जोडीदाराबरोबर सराव करतो तेव्हा समोर रोज कांग मिन-ह्युक उभा असतो. आपली दुसरी जोडी नवी जुळते तेव्हा समोर तिसरी आणि चौथी जोडी असते, कारण पहिली जोडी वर्षातला बराच काळ दौऱ्यावर. राष्ट्रीय शिबिरांत दुहेरीचे परदेशी प्रशिक्षक येतात आणि जातात. मधल्या काळात मुलांच्या सवयी पुन्हा पूर्वीसारख्या होतात. हा माझा अंदाज नाही, खालच्या स्तरावर मी हे दर मोसमात बघतो.

आता चिराग-सात्त्विकला फोडण्याचा प्रश्न. कागदावर मोहात पाडणारा आहे: दोन जबरदस्त खेळाडू, दोन्ही दुहेरीत एकेक, म्हणजे दोन्ही सामन्यांत संधी. आधी ही जोडी कशी बनली ते बघा. मुंबईचा चिराग आणि अमलापुरमचा सात्त्विक, दोघेही उंच, दोघेही मागच्या कोर्टवरून मारणारे. २०१६च्या सुमारास मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी दोघांना एकत्र केलं तेव्हा दोघांच्याही मनात नव्हतं, कारण पुढे कोण उभं राहणार? मग चिराग पुढे खेळायला शिकला, सात्त्विकने सर्व्हिस घडवली, आणि दोघांनी फिरत राहण्याची पद्धत बसवली. २०२३ला आशियाई सुवर्ण आणि जगात पहिलं स्थान आलं ते या सगळ्यानंतर, म्हणजे सहा-सात वर्षांनी. चिरागचा पुढचा खेळ सात्त्विकच्या मागच्या स्मॅशवर उभा आहे. पाठीमागून तो स्मॅश येणार हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असतं, म्हणून तो शटल उचलायला घाबरतो, म्हणून नेटवर चिरागला संधी मिळते. मागे दुसरा कोणी ठेवला की नेटवरचा चिरागही निम्मा होतो. दोन खेळाडूंच्या ताकदीची बेरीज इथेही चालत नाही, एक्सेलमध्ये चालत नाही तशीच.

प्रत्यक्ष पुरावाही आहे. २०२२च्या उपांत्य लढतीत डेन्मार्कची दुहेरी अशीच विभागलेली होती. आस्ट्रुप आणि स्कारुप रासमुसेन ही त्यांची नेहमीची जोडी, पण पहिल्या दुहेरीत आस्ट्रुपबरोबर मथियास ख्रिश्चनसन आणि दुसरीत रासमुसेनबरोबर सोगार्ड. पहिली त्यांनी तिसऱ्या गेमला २०-२२ अशी सात्त्विक-चिरागला गमावली, दुसरी आपल्या दुसऱ्या जोडीविरुद्ध सहज घेतली. म्हणजे त्यांना दोनातून एक मिळाला. आपल्या दुसऱ्या जोडीची तेव्हाची ताकद पाहता जोडी न फोडताही त्यांना तो बहुधा मिळालाच असता. आणि डेन्मार्ककडे ख्रिश्चनसन-सोगार्डसारखे दुसऱ्या फळीचे घट्ट खेळाडू आहेत, म्हणून त्यांना असं करून पाहता तरी येतं. आपण फोडलं तर हमखास वाटणारा एक सामना पन्नास-पन्नास करू आणि हरणारा दुसरा सामना फार तर चाळीस टक्क्यांवर नेऊ. ही टक्केवारी माझी, अंदाजाची, पण मी कर्णधार असतो तर हा सौदा केला नसता. अपवाद एकच: दोघांपैकी एकजण जायबंदी असेल तर. तेव्हा उरलेल्यासाठी सरावातला जोडीदार आधीपासून ठरलेला हवा, आयत्या वेळी नाही.

तक्ता टाकून देऊ नका, असा बदला. एका स्पर्धेसाठी एक तक्ता. थॉमसचा वेगळा, सुदिरमनचा वेगळा. देशाऐवजी लढत घ्या, भारत विरुद्ध डेन्मार्क, भारत विरुद्ध इंडोनेशिया. पाच ओळी, प्रत्येक ओळीत क्रमांकाऐवजी गुण, आणि शेजारी गेल्या दोन-तीन वर्षांतले समोरासमोरचे निकाल असतील तर ते. काही खेळाडू एखाद्या विशिष्ट शैलीला हरतातच, क्रमवारी काहीही म्हणो. बँकॉकमध्ये विजेते झालेलो आपण त्याच स्पर्धेत गटात चिनी तैपेईकडून २-३ हरलो होतो. मग प्रत्येक ओळीतला पहिला माणूस खोडा आणि दुसरं नाव लिहा. किती ओळी हातच्या गेल्या ते मोजा. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात कोण माघार घेतं ते बघून तक्ता पुन्हा भरा, नाहीतर २०२५सारखं होईल.

आणि दुहेरीच्या ओळींसाठी एक जादा रकाना ठेवा: ही दुसरी जोडी गेल्या बारा महिन्यांत किती स्पर्धा एकत्र खेळली. चीन, कोरिया, इंडोनेशियासाठी तो रकाना रिकामा ठेवला तरी फारसं बिघडत नाही, त्यांची रेघांची जाळी आहेत. भारतासाठी मात्र मी सगळ्यात आधी तोच बघतो. आकडा चार-पाच असेल तर थॉमस चषकात तीन एकेरी आणि सात्त्विक-चिराग यांतून तीन सामने शोधायचे, दुसऱ्या दुहेरीवर पैज लावायची नाही. पंधराच्या पुढे गेला आणि जोडी तीच राहिली, तर मला कळवा, मी माझाही अंदाज बदलीन.